आईच्या हिरड्यांची मापं

तुमच्या आईचे किती दात हलतात, तुम्हाला माहीत आहे का? अंदाज नको, आकडा सांगा.

मला सांगता आला नसता. बाबांच्या कंपनीत कायम कामगार किती आणि कंत्राटी किती, हे मी सातवीत असताना घडाघडा सांगायचे. चाकण रस्त्यावर कुठल्या गेटसमोर सभेला जागा मिळते आणि कुठल्या गेटसमोर सिक्युरिटीवाले उभंही राहू देत नाहीत, हेही मला पाठ होतं. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. बाबा कामगार संघटनेचं काम करायचे, आणि सभेनंतर उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली सरकवलेले असायचे. माझी शाळेची सगळी कच्ची गणितं त्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर झाली. एकीकडे ‘कामगार बंधू-भगिनींनो’, दुसरीकडे लसावि आणि मसावि. त्यामुळे अन्याय हा नेहमी गेटच्या आत असतो, तो कुणीतरी केलेला असतो, आणि त्याच्यावर एक कागद काढला की निम्मं काम झालं, अशी माझी पक्की समजूत होती. आई माझ्या शेजारी बसून जेवत होती आणि तिच्या तोंडात काय चाललंय याकडे माझं लक्ष नव्हतं.

आता आठवलं की खुणा दिसतात. पूर्वी ती पेरू दातांनी फोडून खायची, मग सुरीनं कापून खायला लागली. भाकरीचा पापुद्रा काढून आधी तो वरणात बुडवून ठेवायची. फुटाणे माझ्या हातावर द्यायची, म्हणायची, “तू खा, मला नाही आवडत.” फुटाणे न आवडणारी बीडची बाई मी तरी पाहिलेली नाही.

एका बुधवारी संध्याकाळी कणीक मळता मळता ती म्हणाली, “उद्या दात काढायला चाललेय.”

“कुठला?”

“खालचे पुढचे. चार.”

एखादी बाई चार नारळ आणायला निघावी तसा तिचा आवाज होता.

“दुखतायत का?”

“दुखत नाहीत. हलतायत.”

“मग काढायचे कशाला?”

“हलणारा पार्ट कुणी पास करतं का? कवळी बसवून टाकते, कटकट मिटेल. आमच्या आईचे पंचेचाळिशीत गेले, माझे अठ्ठेचाळिशीत चाललेत. तीन वर्षं जास्तच चालले की.”

हे बोलणं तिच्या कामातून आलेलं होतं. आई भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये तपासणीच्या टेबलावर बसते. लेथवरून पितळेचे बुश येतात, करंगळीच्या पेराएवढ्या पोकळ नळ्या. एकेक उचलायचा, गेज घालून माप बघायचं आणि तीनपैकी एका क्रेटमध्ये टाकायचा. हिरवा म्हणजे पास. पिवळा म्हणजे रिवर्क, सुधारून घ्यायचा. लाल म्हणजे भंगार. बावीस वर्षं ती हेच करतेय. स्वतःचे चार दात तिनं मनातल्या मनात तपासले होते आणि लाल क्रेटमध्ये टाकून दिले होते. मापायचं मात्र राहून गेलं होतं.

गुरुवार निवडला कारण आमच्याकडे वर्कशॉपांची सुट्टी गुरुवारी. सगळं पुणं रविवारी लोळत असतं तेव्हा आमच्या आया डबे घेऊन बाहेर पडतात. त्याचा एवढाच फायदा, की सुट्टीच्या दिवशी दवाखाने उघडे सापडतात. आम्ही दोघी दातांच्या एका कॉलेजच्या दवाखान्यात गेलो. मी जाता जाता भांडत होते, ती खिडकीबाहेर बघत होती.

तिथे एका लांबलचक हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगा, आणि प्रत्येक खुर्चीवर एक तोंड उघडं. आमच्या वाट्याला हिरड्यांचं शिक्षण घेणारी एक डॉक्टर आली, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल. आई खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, “मॅडम, हे चार काढा.” डॉक्टर म्हणाली, “बघू दे तर आधी, मावशी.” तिनं एक बारीक सळई घेतली. सळईच्या टोकाला काळे पट्टे होते. ती दात आणि हिरडीच्या मध्ये हलकेच सरकवायची, थांबायची आणि आकडा सांगायची. शेजारी उभी असलेली दुसरी विद्यार्थिनी कागदावर उतरवून घेत होती. एका दाताला सहा ठिकाणी टेकवायचं, सहा आकडे.

“तीन, दोन, चार. पाच, चार, सहा.”

आईनं डॉक्टरचा हात धरला आणि उठून बसली. “थांबा. हे डेप्थ गेज आहे का?”

डॉक्टरला क्षणभर कळलं नाही. मग ती हसली. “हो, तसंच म्हणा की. दात आणि हिरडीच्या मध्ये फट असते, ती किती खोल आहे ते बघतेय.”

“लिमिट किती?”

“तीन मिलिमीटरपर्यंत ठीक.”

“आणि माझं सहा?”

“पुढच्यांना सहा. एका ठिकाणी सात.”

तिच्या टेबलावर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यावरून पीस परत जातो. तीनच्या जागी सात म्हणजे तिच्या हिशेबात मशिन बंद करून सुपरवायझरला हाक मारायची वेळ. पण तिच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली नाही. काहीतरी ओळखीचं सापडल्यासारखं दिसलं. ती पुन्हा मागे टेकली आणि म्हणाली, “चालू द्या. जरा मोठ्यानं बोला, मला ऐकू आलं पाहिजे.”

पुढची पंधरा मिनिटं ती आकडे ऐकत होती आणि मी तिच्याकडे बघत होते.

नंतर डॉक्टरनं एक्स-रे लावून दाखवला. ही दाताची मुळं, हे त्यांना धरून ठेवणारं हाड, आणि इथे हाडाची पातळी खाली गेलीय. फटीत किटण साचतं, त्यावर जंतू बसतात, हिरडी सुजते, आणि वर्षानुवर्षं सूज राहिली की आतलं हाड झिजत जातं. दुखत नाही म्हणून कुणी येत नाही. “खांब चांगला आहे, मावशी. खांबाभोवतीची माती गेलीय.”

“गेलेली माती परत येते?”

“फारशी नाही. पण आणखी जायची थांबवता येते. आणि सूज उतरली की हिरडी दाताला पुन्हा घट्ट धरते.”

“म्हणजे रिवर्क.”

“म्हणजे डीप क्लीनिंग,” डॉक्टर म्हणाली. वरवरची सफाई वेगळी, ही हिरडीच्या आत मुळापर्यंत करायची. भूल देऊन, एका वेळी अर्धं तोंड. एका गुरुवारी उजवी बाजू, पुढच्या गुरुवारी डावी. मग दोन महिने थांबून पुन्हा मोजायचं. “चारांतला एखादा कदाचित नाही राहणार, आत्ताच सांगते. पण काढायचे तर केव्हाही काढता येतील. काढल्यावर परत बसवता येणार नाहीत.” मग साखर तपासायला सांगितली, ती नंतर ठीक निघाली. आणि सहज विचारावं तसं विचारलं, “मिश्री लावता?”

“थोडी,” आई म्हणाली.

“दिवसातून चारदा,” मी म्हणाले. आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी एक्स-रे बघायला लागले.

मिश्रीबद्दल सांगायला हवं. तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली ही तंबाखू आमच्या भागातल्या वर्कशॉपांमध्ये बायकांची दहाची सुट्टी आहे. पुरुष चहाच्या टपरीवर जातात. बायका शेडच्या मागे नळाजवळ बसतात, एक डबी फिरते, प्रत्येकीचं बोट फिरतं, आणि त्या दहा मिनिटांत सासू, सून, सुपरवायझर आणि पगारवाढ या सगळ्यांचा निकाल लागतो. तिथे डबीला नाही म्हणणं म्हणजे घोळक्यालाच नाही म्हणणं. शिवाय आईच्या मते ते औषध होतं. हिरडीतून रक्त आलं की ती त्या जागी मिश्री दाबून धरायची, आणि रक्त खरोखरच थांबायचं. वर्कशॉपमधल्या सगळ्या बायका हेच करायच्या, एकमेकींना हेच सांगायच्या.

डॉक्टर म्हणाली, “रक्त थांबत नाही, मावशी, दिसेनासं होतं. तंबाखूनं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. आत आजार चालूच राहतो, फक्त खूण पुसली जाते.”

हे वाक्य मी त्या दिवशी बसमध्ये चारदा मनात म्हटलं. आयुष्यभर मी ऐकत आले होते की कंपन्या अपघाताची नोंद दाबतात. इथे एक बाई स्वतःच्या बोटानं स्वतःच्याच तोंडातली तक्रार दाबत होती, तीही इलाज समजून.

पुढच्या गुरुवारी उजवी बाजू झाली. मला शेजारी उभं राहू दिलं. इंजेक्शननं आईचा अर्धा ओठ लोंबायला लागला. आधी पाण्याचे तुषार उडवणारं, शिट्टीसारखं वाजणारं मशिन आलं, मग हातातली आकड्यासारखी वाकडी हत्यारं. हिरडीच्या आत काही दिसत नाही. डॉक्टर काम करत होती ते बोटांना जे जाणवेल त्यावर. मुळावरून हत्यार ओढलं की आधी खरखर व्हायची, पाच-सहा वेळा ओढल्यावर आवाज बदलायचा, पातळ आणि सरळ व्हायचा, आणि मग ती पुढे सरकायची. मी विचारलं, “तुम्ही ऐकून करता?” ती मान वर न करता म्हणाली, “थोडं ऐकून, जास्त बोटांनी.” आईनं उघड्या तोंडानं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. बघ म्हणे, हिलाही येतं. ती स्वतः बुशच्या आतली खरड बोट फिरवून ओळखते.

संपल्यावर तिनं खुणेनंच मागितलं, की काय निघालं ते दाखवा. कापसाच्या तुकड्यावर काळपट हिरवे कण होते, बाजरीच्या दाण्यापेक्षा बारीक. आईनं एक कण चिमटीत घेऊन चोळला आणि अर्ध्या ओठांनी म्हणाली, “अगं, हा तर बर आहे.” लेथवर कापलेल्या पितळेच्या कडेला जी बारीक धारदार कोर राहते, तिला वर्कशॉपमध्ये बर म्हणतात. तो खरवडून काढायला दोन बाया दिवसभर बसलेल्या असतात. बर राहिला तर गेज आत जात नाही आणि दोष बुशवर येतो. डॉक्टरला यातलं काहीच समजलं नाही, पण तिनं मान डोलावली.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं.

मग चार दिवसांत उजवीकडची हिरडी बसली. सूज उतरली म्हणून बसली, पण आरशात काय दिसलं, तर दातांच्या मध्ये फटी. गार पाणी लागलं की कळ जायची. आणि पुढचे दोन दात आधीपेक्षा जास्तच हलल्यासारखे वाटायला लागले, कारण किटणाच्या ज्या लिंपणानं ते एकमेकांना चिकटून होते ते निघालं होतं. डॉक्टरनं हे सगळं आधी सांगितलं होतं. पण सांगितलेलं आणि झालेलं यांत फरक असतो.

वर्कशॉपमध्ये अक्का वाट बघतच होत्या. अक्का म्हणजे आईच्या शेजारच्या टेबलावरच्या, भोसरीच्याच मूळच्या, साठीला टेकलेल्या. त्यांचे खालचे सगळे दात दहा वर्षांपूर्वी काढलेले. कवळी आहे, पण ती बहुतेक वेळ डब्याच्या पिशवीत असते, कारण तोंडात टोचते. वरणभात कालवून खातात आणि उरलेल्या वरच्या दातांना नेमानं मिश्री लावतात.

“मी म्हनलं व्हतं का न्हाई? सफाई केली का दात ढिले व्हत्यात. आता अर्ध्याला फटी, अर्ध्याला किटान. तुझं त्वांड हाय का पुलाचं काम?”

सगळ्या बायका हसल्या. आईसुद्धा हसली. घरी येऊन म्हणाली, “मी नाही जाणार पुढच्या गुरुवारी. चारही काढून टाकते, बास झालं.”

मी समजावलं, मग ओरडले, मग मला लहानपणापासून जे एकच काम येतं ते केलं. पत्रक काढलं.

मथळा होता: ‘मिश्री : तुमच्या तोंडातला शत्रू’. खाली रक्तवाहिन्या, हाड, फटी आणि सूज. शेवटच्या परिच्छेदात ‘किती दिवस फसवून घ्याल?’ असा सवालही टाकला होता. मला ते फार जमलेलं वाटलं. पहिली शिफ्ट सुटताना मी वर्कशॉपच्या गेटावर उभी राहिले आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात एक एक कागद दिला. पुरुषांनाही दिला. त्यांच्यातला एक जण मोठ्यानं मथळा वाचून म्हणाला, “काय राव, आता वैनींची तोंडं पण इन्स्पेक्शनला!” आणि गेटावर हशा पिकला.

अक्कांनी कागदाची चौकोनी घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. “तुज्या बापानं पंधरा वर्सं पत्रकं वाटली, पोरी. आमी समदी घेतली. त्यात कंदी आमच्या तोंडाचा वास न्हवता लिवला.” आई त्यांच्या मागेच होती. ती माझ्याजवळ थांबली नाही.

दोन दिवस आई माझ्याशी बोलली नाही. डबा भरून ओट्यावर ठेवायची, हाक मारायची नाही. बाबांनी ते पत्रक नीट, चष्मा लावून, शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं, भाषेबद्दल काही म्हणतील. ते म्हणाले, “माहिती बरोबर आहे. पण पत्रक कुणाविरुद्ध काढतोय ते आधी ठरवायचं असतं. हे तू आईविरुद्ध काढलंस.”

मी एवढाच विचार करत बसले, की वर्कशॉपमध्ये वर्षातून एकदा तपासणी होते, त्यात डोळे बघतात, कान बघतात, फुंकर मारायला लावून छाती बघतात. हिरड्या कुणी बघत नाही. माप घ्यायला तिथे वाटेल तेवढी गेज पडलेली आहेत आणि ज्या बाया मापतात त्यांना मात्र कुणी मापत नाही. पत्रक काढायचंच होतं तर यावर काढायला हवं होतं. पण मी आईची डबी निवडली, कारण ती हाताशी होती.

त्या गुरुवारी आई दवाखान्यात गेली नाही. दात काढायलाही गेली नाही. सकाळी ती मोरीशी बराच वेळ उभी होती. चूळ भरायची, थुंकायची, वाकून बघायची, पुन्हा चूळ भरायची. मला वाटलं, गार पाणी लागतंय.

दुपारी अक्का आल्या. मला झापायलाच आल्या होत्या, तशी सुरुवातही केली होती. आईनं त्यांना मध्येच थांबवलं.

“अक्का, तिचं नंतर. आधी माझं एक काम करा. माझं तोंड बघा.”

“का? अजून ढिलं झालं?”

“मला काय दिसतंय ते मी सांगणार नाही. आपला पीस आपण पास करायचा नसतो. तुम्ही बघा आणि सांगा.”

वर्कशॉपचा हा नियम आहे. ज्यानं काम केलं त्यानं स्वतःच ते पास करायचं नाही, दुसऱ्याच्या हातून गेलं पाहिजे. अक्कांनी चष्मा पुसला, आईला खिडकीशी बसवलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “मोबाइलची बॅटरी लाव. हलवू नगंस.”

मी उजेड धरला. अक्कांनी पदराच्या टोकानं आईचा ओठ खाली ओढला आणि मान तिरकी करून बघितलं. मग एका बाजूची हिरडी कापसानं दाबली, कापूस बघितला. दुसऱ्या बाजूची दाबली, कापूस बघितला. पुन्हा पहिली. तपासणीच्या टेबलावरची माणसं एका मापावर बोलत नाहीत.

“ह्या बाजूला डाग न्हाई,” शेवटी त्या म्हणाल्या. “हिरडी फिकी हाय, पर कडक हाय. ह्या दुसऱ्या बाजूला हात लावला का रगात. फुगलीया, चकाकतीया वांग्यावानी. कुठली साफ केल्याली?”

“उजवी.”

“ती कडक हाय ती?”

“तीच.”

मग आईनं सांगितलं. सफाईनंतर मिश्री झोंबायला लागली, म्हणून तिनं आठवडाभर लावलीच नव्हती. तशी डावीकडून रक्त यायला लागलं, रोज, आधी कधी आलं नव्हतं इतकं. उजवीकडून थेंब नाही. तोंड तेच, भाकरी तीच, पाणी तेच. सकाळपासून ती मोरीत हेच बघत होती, आणि स्वतःच्या डोळ्यांवर तिचा विश्वास बसत नव्हता.

“म्हणजे मिश्रीनं थांबत नव्हतं,” ती म्हणाली. “झाकलं जात होतं. हिच्या कागदात होतं तसंच.”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. अक्का म्हणाल्या, “तू बॅटरी धर.”

मग कापसाच्या त्या दोन बोळ्यांकडे बघत त्या आईला म्हणाल्या, “आन् मंग ऱ्हायल्याली बाजू कशापायी ठेवलीस? लोणचं घालाया?”

पुढच्या गुरुवारी डावी बाजू झाली. अक्का सोबत आल्या होत्या. बाहेर बाकावर बसून राहिल्या, आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

दोन महिने गेले. आई रात्री मऊ ब्रशनं एकेक दात घासायची आणि दातांच्या फटींत बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू वाटावं असा एक इवलासा ब्रश फिरवायची. मिश्री एकदम सुटली असं मी लिहिणार नाही. दोनदा तिच्या पदराला वास आला. मी काही म्हणाले नाही, आणि हे माझ्यासारखीला किती कठीण गेलं असेल ते माझ्या घरच्यांना विचारा. दहाच्या सुट्टीत ती अजूनही नळाजवळच बसते. डबी आली की पुढे सरकवते आणि लवंग चघळते. घोळक्यानं तिला काही बाहेर काढलेलं नाही.

पुन्हा मापायचा दिवस आला. आईनं घरून वर्कशॉपच्या तपासणीच्या फॉर्मसारखा कागद आखून नेला होता. दातांचे रकाने, त्यात आधीचं माप, शेजारी आत्ताचं माप भरायला जागा. डॉक्टरनं सळई उचलली तशी आई म्हणाली, “मॅडम, राग मानू नका. तुम्ही काम केलंय. मापायला दुसरं कुणी असेल तर बरं.”

मी कानकोंडी झाले. डॉक्टर मोठ्यानं हसली आणि पलीकडच्या खुर्चीवरून एका सहकारिणीला बोलावून घेतलं. “हिला आधीचा कागद दाखवू नका,” तीच म्हणाली.

“तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार.”

आई डोळे मिटून ऐकत होती. पुढच्या दातांपाशी आल्यावर तिनं खुर्चीचा हात धरला. सहाचे चार झाले होते. पाचाचे तीन. दुसऱ्या दाताचेही चार. तिसरा, चार आणि तीन. चौथ्याला सळई टेकली, थोडी थांबली, पुन्हा टेकली. “सहा. पुन्हा टेकवलं तरी सहाच.” सातचे सहा, एवढंच.

डॉक्टर म्हणाली, “तीन राहिले, मावशी. घट्टही झालेत. चौथ्याचं मी आत्ता काही कबूल करत नाही. तीन महिन्यांनी परत बघू.”

आई उठली. जिभेनं तिन्ही दात आतून चाचपले. तिनं कागदावर चौथ्या दाताचा रकाना मोकळा ठेवला आणि घडी घालून पर्समध्ये टाकला. “बरं झालं काढले नाहीत,” असलं काही ती म्हणाली नाही. म्हणाली, “चला, भूक लागलीय.”

अक्का बाहेर बाकावर होत्या. आईनं कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकेका आकड्यावर बोट ठेवत सगळा वाचला, आधीचं माप, आत्ताचं माप. मग डॉक्टर कशाला तरी बाहेर आली तशी त्यांनी तिला अडवलं.

“मॅडम, माझे खालचे धा वर्सांमागं काढले. हलत व्हते. दुखत न्हवते. त्ये बी असे ऱ्हायले असते का?”

डॉक्टरनं त्यांच्याकडे बघितलं. तिला खोटं बोलता आलं असतं, दोन्ही बाजूंनी. “सांगता येणार नाही, आजी. तेव्हा किती खोल होतं, ते कुठे लिहिलेलं आहे का?”

“मापलंच न्हाई कुणी,” अक्का म्हणाल्या. “मी सांगितलं काढा, त्यांनी काढले.”

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या. भोसरीला उतरताना त्यांनी आईला विचारलं, वरच्या दातांचं माप घ्यायला नंबर कधी लावावा लागतो.

म्हणून माझं वाचणाऱ्याकडे एक मागणं आहे, आणि हे मी कुणाविरुद्ध लिहीत नाही. तुमच्या घरात, वर्कशॉपमध्ये, चाळीत कुणी हलणारे दात काढायला निघालं असेल, तर त्या माणसाला अडवू नका, उपदेश करू नका, मिश्रीवरून बोलू नका. फक्त सोबत जा. डॉक्टरला आधी हिरड्या मापायला सांगा, आकडे मोठ्यानं वाचायला सांगा, आणि तो कागद मागून घरी आणा.